छप्पन्नाव्या वर्षी, उन्हात राबलेल्या चेहऱ्यावर फेसलिफ्ट करावं का?

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. वय ५६. लग्न झालं तेव्हापासून शेतात, कापूस आणि तूर. ३८ व्या वर्षी गर्भपिशवी काढली, अंडाशयांसकट. शुगर नाही, बीपीची गोळी चालू आहे. बऱ्याच दाढा पडल्यात. तंबाखू-चुन्याची सवय आहे. वरच्या पापण्या डोळ्यांवर आल्यात, सुईत दोरा ओवताना भुवया वर ताणाव्या लागतात. बँकेत पासबुक भरायला गेल्या तेव्हा कारकुनाने त्यांच्या मिस्टरांना विचारलं, "या आई का तुमच्या?" मिस्टर त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा पैसे द्यायला तयार आहे, नागपुरात एका ठिकाणी फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची ओघळलेली कातडी वर ओढून बसवायचं ऑपरेशन, सांगितलंय, आणि धाकट्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. या वयात, अशा कातडीवर हे ऑपरेशन करावं का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, त्या कारकुनाचं बोलणं मनाला किती लागलं असेल ते कळतं. चेहऱ्याचं ऑपरेशन म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मी गेली २२ वर्षं यवतमाळ जिल्ह्यात प्लास्टिक सर्जन म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण भाजलेले, थ्रेशरमध्ये हात गेलेले, अस्वलाने नाहीतर रानडुकराने फाडलेले असतात. त्यांच्याच रांगेत पदर तोंडावर ओढून एखादी बाई बसलेली असते. तिचा नंबर आला की दार लोटून घेते आणि हळूच म्हणते, "डाक्टरसाहेब, माह्या तोंडाची रयाच गेली." हे दुःख मला कधी खोटं वाटलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमचं वय आड येत नाही. प्रकृती धडधाकट असेल तर साठी-पासष्टीनंतरही फेसलिफ्ट सुखरूप होतं. आड येते ती कातडीची अवस्था आणि तंबाखू. तुम्ही लिहिलंय त्यावरून पूर्ण फेसलिफ्ट आत्ता करू नये असं माझं मत आहे. वरच्या पापण्यांचं मात्र करता येईल, आणि त्याचा तुम्हाला फायदाही जास्त होईल असं वाटतं.

घरात दोन ब्लाऊज आहेत असं समजा. एक चांगल्या कापडाचा, पण अंगाला ढिला झालेला. दुसरा वर्षानुवर्षं उन्हात वाळून वाळून विरलेला. पहिल्याला दोन्ही कडांनी टीप मारली की नीट बसतो. दुसऱ्याला तीच टीप मारली तर टिपेच्या शेजारीच फाटतो, आणि कापड होतं तसं जुनंच दिसतं. चेहऱ्याची कातडीसुद्धा अशी दोन प्रकारे म्हातारी होते. काहींची सैल होते, काहींची विरते, बहुतेकांची थोडी थोडी दोन्ही. फेसलिफ्ट ही टीप आहे. सैलपणावर तिचा उपयोग होतो, विरण्यावर होत नाही. बारीक सुरकुत्यांची जाळी, वांग, काळे ठिपके, खरखरीतपणा यातलं काहीही फेसलिफ्टने जात नाही. हे आधी नीट न सांगितल्यामुळे पैसे खर्च करून निराश झालेली माणसं मी पाहिली आहेत.

माझ्याकडे अशी बाई आली की मी ट्यूबलाइट बंद करून तिला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवतो आणि हातात आरसा देतो. कानाच्या समोरची कातडी दोन बोटांनी धरून अलगद वर-मागे सरकवतो. जबड्याची कड सरळ झाली, ओठांच्या कोपऱ्याशी लोंबणारा मांसल भाग वर गेला, तर तेवढं काम ऑपरेशनने होण्यासारखं आहे. बोटांनी ओढलेलं असतानाही गालावर आणि ओठांभोवती ज्या रेषा दिसतात, त्या ऑपरेशननंतरही राहणार. मग तिला बाकावर उताणं झोपवतो. झोपल्यावर चेहरा पाच-सात वर्षांनी तरुण दिसायला लागला, तर सैलपणा मोठा आहे. फारसा फरक पडला नाही, तर विरण्याचा भाग मोठा आहे.

शेवटी तिला ब्लाऊजची बाही वर करायला सांगतो आणि दंडाच्या आतली बाजू दाखवतो. ती कातडी तुकतुकीत, मऊ, एका रंगाची असते. वय तेवढंच, अंग तेच, फक्त तिथं ऊन लागलेलं नसतं. "हे माहंच हाय का?" असं एक बाई स्वतःच्या दंडावरून हात फिरवत म्हणाल्या होत्या. ताई, तुम्हीही आजच करून पाहा. दंड आणि गाल यांत जेवढा फरक दिसेल, तेवढा उन्हाचा हिशेब. बाकीचा वयाचा.

ऊन करतं काय, तर कातडीच्या आतल्या थरात कोलॅजनचे आणि इलॅस्टिनचे धागे असतात. कोलॅजन कातडीला घट्टपणा देतं, इलॅस्टिन ताणल्यावर परत जागेवर आणतं. उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे. बी प्रकारचे वरच्या थरात अडतात, त्यांनी कातडी भाजते. ए प्रकारचे खोल जातात, ढगातून आणि काचेतूनही येतात. त्यांनी कोलॅजन तुटतं आणि इलॅस्टिनचा गुंता होतो. असं इलॅस्टिन ताणलं की ताणलेलंच राहतं. आपल्याकडे लोक मे महिन्यातल्या ४५-४६ डिग्रीच्या उन्हाला भितात आणि ११ वाजता घरात येतात. पण कापूस वेचणी होते ती दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, आणि ते ऊन गोड लागतं म्हणून दिवसभर अंगावर घेतलं जातं. चेहऱ्याचं नुकसान त्यातही होतच असतं.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त असतं, ते बरंच ऊन अडवतं. त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला बारीक सुरकुत्या सहसा उशिरा पडतात. पण त्याच मेलॅनिनमुळे वांग येतो, आणि कातडीला जरा इजा झाली की तिथं काळा डाग पडतो. म्हणून सुरकुत्या घालवायचं जोराचं लेझर किंवा खोल पील (औषध लावून कातडीचा वरचा थर सोलणं) आपल्या रंगावर फार जपून करावं लागतं. सुरकुती गेली आणि तिच्या जागी वर्षभर टिकणारा काळा पट्टा आला, तर बाईने घराबाहेर पडायचं कसं? पार्लरमध्ये हे कोणी करून देत असेल तर नाही म्हणा.

तुमच्या पत्रातली पिशवी काढल्याची गोष्ट कातडीसाठी महत्त्वाची आहे. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत बाईच्या कातडीतलं जवळपास ३० टक्के कोलॅजन कमी होतं असं मानतात, पुढेही दरवर्षी थोडं थोडं जात राहतं. पाळी नैसर्गिकपणे पन्नाशीच्या आसपास थांबते. तुमची अंडाशयं ३८ व्या वर्षी काढली, म्हणजे तुमच्या कातडीने हा काळ दहा-बारा वर्षं आधीच पाहिला. आपल्या भागात चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बाया गावोगाव आहेत. त्यांना हाडं ठिसूळ होतील हेसुद्धा कोणी सांगितलेलं नसतं, कातडीचं तर दूरच. याची मला फार चीड येते. तुम्ही पापणीचं करा किंवा काहीच करू नका, हाडांची घनता मोजण्याची तपासणी मात्र एकदा करून घ्या.

आता कातडीच्या खाली काय होतं ते पाहू, कारण चेहरा नुसत्या कातडीने म्हातारा होत नाही. गालाची चरबी वेगवेगळ्या कप्प्यांत असते. काही कप्पे आटतात, काही खाली सरकतात. हाडही झिजतं. डोळ्याची खोबण मोठी होते, वरचा जबडा मागे जातो. दात पडले की ते धरून ठेवणारं जबड्याचं हाड तर फार लवकर आटतं. तंबूचा खांब बुटका झाल्यावर कनात लोंबणारच. अशा वेळी कनात कापून काय उपयोग?

पांढरकवड्याकडच्या ६२ वर्षांच्या एक आजी गाल बसले म्हणून आल्या होत्या. सुनेनेच आणलं होतं, तिला सासूचा फार लळा. तोंडात वरच्या बाजूला एकही दात नव्हता. मी म्हटलं, आधी कवळी बसवा, तीन महिन्यांनी या. त्या आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही. वरचा ओठ भरला होता, नाकाखालच्या उभ्या चुण्या निम्म्याने गेल्या होत्या, हनुवटी आणि नाक यांतलं अंतर परत आलं होतं. सून म्हणाली, "आता कायले ऑपरेशन पायजे?" ताई, तुमच्या बऱ्याच दाढा नाहीत. दाढा गेल्या की गाल आत बसतात. दंतवैद्याकडे जाणं हे तुमचं पहिलं काम आहे, आणि कवळी बसल्याशिवाय कोणताही सर्जन तुमच्या गालाबद्दल नीट सांगू शकणार नाही.

तंबाखूबद्दल मी कडक बोलतो, रागावू नका. फेसलिफ्टमध्ये कानशिलाच्या केसांपासून कानासमोरून खाली, कानाच्या पाळीला वळसा घालून कानामागे केसांत जाणारा छेद घेतात. गालाची आणि मानेची कातडी तिच्या बुडापासून सोडवतात. तिच्याखाली चेहऱ्याच्या स्नायूंना जोडलेला एक चिवट पडदा असतो, त्याला स्मास म्हणतात. मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जनांनी १९७६ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. त्याआधी बहुधा नुसती कातडी ओढून कापत. चेहरा वाऱ्याच्या झोतात उभा असल्यासारखा दिसायचा आणि पुन्हा लवकर ओघळायचा. आता ओढ पडद्याला देतात, कातडी वरून अलगद पांघरतात आणि जास्तीची कापतात. हे होईपर्यंत सुटी झालेली कातडी फक्त स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगत असते, आणि कानामागचं टोक त्या रक्तापासून सगळ्यात लांब असतं. निकोटिन याच वाहिन्या आवळतं. मग ते टोक काळं पडतं, सडतं, आणि तिथं महिनोन् महिने न भरणारी जखम राहते.

सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फेसलिफ्टची कातडी मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या १२ पट असल्याचं अमेरिकेतल्या सर्जनांनी १९८४ मध्येच छापलं होतं. आपल्याकडे बाया सिगारेट ओढत नाहीत, म्हणून त्यांना वाटतं आपल्याला हे लागू नाही. तंबाखू-चुना, खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण), नस म्हणजे तपकीर, गुडाखू या सगळ्यांतून निकोटिन रक्तात जातंच. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, ही माझी अट असते. पानटपरीवर पन्नीत घोटलेला खर्रा खाणाऱ्यांची आणखी एक भानगड असते. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होते आणि जबडा उघडत नाही. मी तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगतो. दोनच गेली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना श्वासाची नळी टाकणं कठीण, आणि हौसेच्या ऑपरेशनसाठी असा धोका कोणी घेऊ नये. तशा तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारा फोड असेल तर चेहऱ्याचं राहू द्या, आधी कर्करोगाची तपासणी करा.

आणखी एक विचारायचं आहे, पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. तोंडाला कोणती ट्यूब लावता का? मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या "गोरं करणाऱ्या" ट्यूबा गावोगाव चालतात, आणि त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. पहिला महिना चेहरा उजळतो, लोक विचारतात काय लावलं म्हणून. वर्षभरात कातडी कागदासारखी पातळ होते, गालावर लाल रेषा दिसतात, उन्हात गेलं की आग होते, आणि ट्यूब बंद केली की पुरळ उठतं, म्हणून बाई ती सोडू शकत नाही. अशा कातडीवर मी सुरी लावत नाही. ट्यूब त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सोडावी आणि कातडीला सावरायला काही महिने द्यावेत.

आता पापण्यांकडे येतो, कारण तुमचं खरं काम तिथं आहे. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ती सैल होऊन पडद्यासारखी पापणीच्या केसांवर आली की वरचं आणि बाजूचं दिसणं कमी होतं. मग माणूस कपाळाच्या स्नायूने भुवया दिवसभर वर धरून ठेवतो. कपाळावर आडव्या आठ्या पडतात, संध्याकाळी डोकं जड होतं. तुम्ही सुईचं लिहिलंय ते हेच आहे. पापणीच्या ऑपरेशनमध्ये गालासारखी कातडी लांबवर सोडवावी लागत नाही, पापणीच्या घडीत छेद असतो, त्या जागेवरच भूल देऊन तासाभरात होतं, टाके पाच-सात दिवसांत निघतात, व्रण घडीत लपतो. डोळ्याभोवती रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे जखम चांगली भरते. आणि भुवया उचलायची गरज संपली की कपाळावरच्या आठ्याही थोड्या हलक्या होतात.

पण त्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून तीन गोष्टी पाहून घ्या. मोतीबिंदू आहे का, कारण कमी दिसण्याचं कारण तेच असेल तर पापणी कापून उपयोग नाही. डोळे कोरडे पडतात का, कारण पापणीच्या ऑपरेशनने कोरडेपणा वाढू शकतो. आणि नुसती कातडी लोंबतेय की पापणी उचलणारा स्नायूच ढिला झालाय, कारण त्याचं ऑपरेशन वेगळं. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी मिटत येते असं असेल तर तो स्नायूंचा आजार असू शकतो. एकाच बाजूची पापणी अचानक पडली तर ऑपरेशनचा विचारही नको, तातडीने दवाखाना.

खालच्या पापणीबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. ६६ वर्षांचे एक निवृत्त पोस्टमन, आयुष्यभर सायकलवर, उन्हात. डोळ्यांखाली पिशव्या होत्या. मी चरबी काढली आणि कातडी छान ताणलेली दिसावी म्हणून तीन-चार मिलिमीटर जास्त कापली. टेबलावर फार सुंदर दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांची खालची पापणी डोळ्यापासून सुटून बाहेर वळली. डोळा लाल, सतत पाणी, रात्री पूर्ण मिटेना. शेवटी कानामागची कातडी काढून तिथं लावावी लागली, तेव्हा डोळा मिटला. ते एका शब्दाने बोलले नाहीत, उलट मलाच म्हणाले, "होते साहेब असं." मला ते आजही आठवतं. कातडी सैल होती हे मी पाहिलं होतं, पण तिच्या मागचा पापणीचा आधारही ढिला झालाय हे तपासलं नव्हतं. आता प्रत्येकाची खालची पापणी बोटाने खाली ओढून सोडतो आणि डोळ्याची उघडझाप करू देत नाही. ती चटकन जागेवर बसली तर ठीक. रेंगाळली, किंवा चिमटीत पुढे ओढली की आठ मिलिमीटरच्या आसपास सुटत असेल, तर आधी पापणीचा बाहेरचा कोपरा बांधून घ्यावा लागतो. तुम्हाला कोणी खालच्या पापण्याही "सोबतच करून टाकू" म्हणालं, तर ही तपासणी केली का ते विचारा.

म्हाताऱ्या कातडीचं सगळं वाईटच असतं असं नाही. जखम सावकाश भरते हे खरं, पण व्रण तरुणांपेक्षा बारीक आणि मऊ होतो. विशी-पंचविशीत छातीवर, कानावर उठणाऱ्या जाड गाठी साठीत फारच कमी दिसतात. चेहऱ्यावरची गाठ काढून शेजारची कातडी सरकवायची असेल, तर सैल गाल हे वरदान असतं आणि टाके सुरकुतीत हरवून जातात. म्हणून एक सांगून ठेवतो. नाकावर, डोळ्याच्या कोपऱ्याशी, गालावर चकचकीत कडेचा किंवा खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येणारा फोड सहा-आठ आठवड्यांत भरला नाही, तर तो दाखवाच. तो कातडीचा कर्करोग असू शकतो, लवकर काढला तर बहुधा कायमचा जातो. त्यासाठी कोणतंही वय जास्त नाही.

वर्षानुवर्षांच्या जड झुमक्यांनी ओघळलेली किंवा फाटलेली कानाची पाळी जोडणं हे आमच्याकडचं सगळ्यात समाधानाचं काम. जागेवरची भूल, अर्धा-पाऊण तास, आणि सहा-आठ आठवड्यांनी नवं भोक पाडता येतं. तुमचं तसं असेल तर पापणीबरोबरच होईल.

तुमच्या बीपीकडे दुर्लक्ष करू नका. फेसलिफ्टनंतर सगळ्यात जास्त होणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साचणं, बहुधा पहिल्या २४ तासांत, आणि बीपी चढलेलं असेल तर धोका वाढतो. पापणीतही रक्तस्राव होऊ शकतो, आणि डोळ्याच्या मागे झाला तर नजरेवर बेतू शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, पण ती स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारूनच. सांधे दुखतात म्हणून घेतलेल्या गोळ्या आणि काढे यांचंही सांगा. आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. विदर्भात हा आजार बराच आहे, २०२३ पासून त्याच्यासाठी देशपातळीवर मोहीमही चालू आहे. नुसता वाहक असेल तर सहसा अडत नाही. आजार असेल तर भूल देताना प्राणवायू, पाणी, अंगाची ऊब या सगळ्यांची जादा काळजी घ्यावी लागते, आणि ती माहिती टेबलावर झोपायच्या आधी हवी.

लग्नाचं म्हणाल तर, दोन महिन्यांत फेसलिफ्ट करून मांडवात उभं राहायचं हा विचार सोडून द्या. काळं-निळं दोन-तीन आठवड्यांत जातं, पण सूज, ताठरपणा आणि कानाभोवतीचा बधिरपणा त्याहून पुष्कळ जास्त रेंगाळतो. तुम्ही तंबाखू आज सोडली तरी चार आठवडे तिच्यातच जातील. पापण्यांनाही निवांत तीन-चार आठवडे हवेत, चुलीचा धूर नको, खाली वाकून काम नको. लग्नाच्या घरात मुलीच्या आईला एवढी उसंत कुठून मिळणार? शेतकरी बायांना मी संक्रांत ते होळी हा काळ सांगतो. वेचणी संपलेली असते, ऊन तापलेलं नसतं, घाम कमी असतो. लग्न उरकू द्या, पुढच्या संक्रांतीनंतर पापण्या करा.

तोपर्यंतचे महिने वाया जाणार नाहीत. कवळी बसवा. तंबाखू सोडा. शेतात जाताना रुमाल नाहीतर पदर नाका-गालावरून घट्ट बांधा आणि वर रुंद काठाची टोपी घाला, दाट विणीचं कापड फार चांगलं ऊन अडवतं. उघडं राहतं तिथं सनस्क्रीन लावा, दर दोन-तीन तासांनी परत. रात्री ट्रेटिनॉइन नावाची क्रीम त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीने, वाटाण्याएवढी, सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे सालं निघतील, जळजळेल. पण बारीक सुरकुत्यांवर आणि डागांवर तिचा खरोखर परिणाम होतो, फक्त चार-सहा महिने धीर धरावा लागतो. गालावरचे काळे मस काढायला एक-दोन खेपा पुरतात. एवढं झाल्यावर जबड्याची कड आणि मान खटकत असेल तर फेसलिफ्टचा विचार नव्याने करू. तेव्हा कातडी थोडी सावरलेली असेल, आणि मला तुम्हाला "हो" म्हणता येण्याची शक्यता आजच्यापेक्षा बरीच जास्त असेल. डोळ्यांशेजारच्या, हसताना पडणाऱ्या रेषांसाठी बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, असतं, पण ते तीन-चार महिनेच टिकतं. दर चार महिन्यांनी तो खर्च करावा असं मला तुमच्या बाबतीत वाटत नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो. निव्वळ सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला सरकारी योजना किंवा विमा मिळत नाही, वर १८ टक्के जीएसटी लागतो. पापणीमुळे नजर अडते असं तपासणीत आलं तर ते गरजेचं ऑपरेशन ठरतं. नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, तिथं एकदा दाखवा, मुलाचे पुष्कळ पैसे वाचतील. खासगीत जाल तर डॉक्टरांची प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात संकोच करू नका, मला विचारलं की मी पाटीकडे बोट दाखवतो.

दाखवायला जाल तेव्हा तिशी-चाळिशीतला एखादा फोटो न्या, लग्नसमारंभातला चालेल, पण चेहरा समोरून हवा. त्यावरून कळतं की तुमची पापणी पहिल्यापासून जड होती की आता उतरली. पिशवीच्या ऑपरेशनचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, चेहऱ्याला लावत असाल त्या ट्यूबा न्या, अर्धवट संपलेल्यासुद्धा. काजळ, पावडर काही लावू नका. आणि शक्य असेल तर मिस्टरांना सोबत न्या, ऑपरेशननंतरची पहिली रात्र डोळ्यांत थेंब त्यांनाच घालायचे आहेत.